पाणी ओसरल्यावर

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असायचा आणि तो बहुतेक डुलक्या काढण्यात जायचा. त्यामुळे माझं मराठी म्हणजे आजीशी बोलण्याइतपत. मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी सरळ इंग्रजी विभागाकडे पळ काढणार होते. पण विषय माझ्या मामाच्या दुकानाचा आहे आणि मामा इंग्रजीत काही वाचणार नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला, मुद्दा तेवढा घ्या.

विषयाचं नाव भारदस्त आहे : डिझास्टर रिकव्हरी प्लॅनिंग. म्हणजे संकट येऊन गेल्यावर धंदा पुन्हा कसा उभा करायचा, हे संकट यायच्या आधी ठरवून ठेवणं. आमच्या नोट्समध्ये हा विषय दीड पानात उरकलाय. मोठमोठी डेटा सेंटर्स, कोट्यवधींचे सर्व्हर्स अशीच सगळी उदाहरणं. वाचताना वाटतं, हे काय आपल्यासाठी नाही. पण खरं सांगू का, बँकेचा सर्व्हर बंद पडला तर त्यांच्याकडे दुसरा असतो, माणसं असतात, पैसा असतो. मामासारख्या दुकानदाराकडे एकच कॉम्प्युटर असतो, एकच गल्ला असतो आणि सगळं लक्षात ठेवणारा एकच माणूस असतो. प्लॅनची गरज खरी त्याला आहे.

२२ जुलै २०२१

मामाचं चिपळूणच्या बाजारपेठेत इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायरी, स्विच, पंखे, पाण्याच्या मोटारी आणि मागे मोटार रिवाइंडिंग. २००५ च्या २६ जुलैलाही तिथे पाणी शिरलं होतं. त्यावेळी पाणी जिथवर आलं तिथे मामाने भिंतीवर ऑइलपेंटने लाल रेघ मारून ठेवली होती. दरवर्षी पावसाळा आला की रेघेच्या वर एक फूट माल चढवायचा, हाच त्याचा डिझास्टर प्लॅन.

२०२१ च्या २१ जुलैच्या रात्री धो धो पाऊस लागला. वाशिष्ठी फुगली. मामा आणि दुकानातला पोऱ्या पहाटे माल वर टाकायला धावले. हाताशी फार तर दोन तास होते. समोर वायरची बंडलं दिसली म्हणून त्यांनी आधी तीच उचलली. जड माल, दोघं जणच, दोन तासात दमून गेले. कॉम्प्युटर टेबलावर चढवला, टेबल रेघेच्या वर होतं ना! पाणी आलं आणि रेघेच्या कितीतरी वर, पार माळ्याला जाऊन टेकलं.

मी तेव्हा पुण्यात होते. परीक्षा न देताच दहावी पास झाले होते, निकाल लागून जेमतेम आठवडा झाला होता. मामाचा फोन दोन दिवस लागला नाही. आई देवघरासमोरून उठत नव्हती. महामार्ग बंद, कोकण रेल्वे बंद. दोन दिवसांनी कुठल्यातरी परक्या नंबरवरून मामीचा आवाज आला, "आम्ही सगळे वर आहोत, ठीक आहोत." त्यानंतर आठवड्याने आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर सगळीकडे चिखलाचा थर आणि त्यावर दुकानादुकानातून बाहेर फेकलेला माल.

आता मुद्दा बघा. कॉम्प्युटरमध्ये टॅली होतं. सगळा हिशोब, सगळी उधारी त्यात. आणि मामा काही अडाणी नाही हं, तो बॅकअप घेत होता! दर शनिवारी, न चुकता, एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क कुठे होती? त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

वर आणखी एक चूक झाली. मामाने कॉम्प्युटर दोन दिवस वाळवला आणि शेजारच्याच्या इन्व्हर्टरवर चालू करून पाहिला. फट् असा आवाज आला आणि उरलीसुरली आशाही गेली. मित्रांनो, हे लक्षात ठेवा : भिजलेल्या डिस्कला कधीही करंट द्यायचा नाही, उन्हात किंवा ड्रायरनेही वाळवायची नाही. आहे तशी ओलसरच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची. आत चिखलाचा कण राहिला तर फिरती प्लेट ओरखडून निघते.

काय परत मिळालं, काय नाही

मे महिन्याच्या शेवटी मामाने सीएला टॅलीची कॉपी मेल केली होती. ती सापडली. म्हणजे ३१ मे ते २२ जुलै, असे ५२ दिवस पुसले गेले. व्यापाऱ्यांना दिलेली जूनपर्यंतची बिलं जीएसटीच्या रिटर्नमध्ये होती, ती पोर्टलवरून उतरवून घेता आली. मामाने घेतलेल्या मालाची बिलंही होलसेलरनी पुन्हा पाठवली. पण गावातले वायरमन, शेतकरी, सोसायटीवाले यांची किरकोळ उधारी कुठल्याच पोर्टलवर नसते. रिटर्नमध्ये किरकोळ विक्रीचा नुसता एकत्र आकडा जातो, नावं जात नाहीत.

मग मामा आणि मामी रात्री मेणबत्तीच्या उजेडात वहीत नावं लिहायला बसायचे. "अलोऱ्याच्या त्यांनी जूनमध्ये मोटार नेली ना?" "नेली, पण अर्धे दिले होते." असं चालायचं. मी वही धरून बसले होते. मामाला इतकं म्हातारं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. काही वायरमन स्वतःहून आले, "शेठ, माझे साडेअकरा हजार लिहून घ्या" म्हणाले. त्यांचीही घरं बुडाली होती. काही आले नाहीत. ते खोटे होते असं मामा आजही म्हणत नाही, विसरले असतील म्हणतो.

आणि सगळ्यात मोठं दुःख वेगळंच होतं. पुरानंतरच्या त्या तीन आठवड्यांत गावातल्या घराघरातलं वायरिंग आणि मोटारी बदलायच्या होत्या. मामाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सीझन दाराशी उभा होता, आणि दुकान बंद! लोक खेडला जाऊन माल आणत होते.

दोन प्रश्न

पुढे इंजिनियरिंगला आल्यावर सरांनी वर्गात दोन शब्द फळ्यावर लिहिले आणि मला एकदम मामाचं दुकान दिसलं.

पहिला, आरपीओ म्हणजे रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह. साध्या भाषेत, किती दिवसांचं काम पुसलं गेलं तर आपल्याला चालेल? बॅकअप रोज रात्री घेतला तर जास्तीत जास्त एका दिवसाचं जाईल. आठवड्याने घेतला तर आठवड्याचं. मामाला वाटत होतं त्याचा आरपीओ ७ दिवस आहे. प्रत्यक्षात तो ५२ दिवस निघाला, कारण ड्रॉवरमधला बॅकअप हा बॅकअप नव्हताच.

दुसरा, आरटीओ. गाडीचं लायसन्स देणारं ऑफिस नव्हे! रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह. म्हणजे धंदा किती वेळ बंद राहिलेला चालेल? मेसवाल्याचा आरटीओ एक जेवण, कारण दुसऱ्या जेवणाला आपणच मेस डोक्यावर घेऊ. मंडपवाल्याचा लग्नसराईत एक दिवस आणि पौषात महिनाभर. प्रत्येक धंद्याचं उत्तर वेगळं, आणि एकाच धंद्यातल्या प्रत्येक कामाचंही वेगळं. मामाला रिवाइंडिंग महिन्याने सुरू झालं असतं तरी चाललं असतं, पण वायर आणि स्विच विकणं तिसऱ्या दिवशी सुरू व्हायला हवं होतं. त्यासाठी कॉम्प्युटरही लागत नाही, एक छापील बिलबुक पुरतं.

हे दोन आकडे आधी ठरवायचे, मग खर्चाचं बघायचं. उलटं केलं की माणूस एकतर महागडी सिस्टीम घेतो नाहीतर काहीच घेत नाही.

यालाच जोडून तिसरी गोष्ट म्हणजे बिझनेस इम्पॅक्ट अॅनालिसिस. नावाला घाबरू नका. पाणी चढतंय, दोन माणसं आणि दोन तास आहेत, तर आधी काय उचलायचं, याची यादी म्हणजेच बिझनेस इम्पॅक्ट अॅनालिसिस. मामाने वायरची बंडलं उचलली. वायर भिजली तरी बरीचशी धुऊन कमी भावात विकली गेली. हलका पण महाग माल मात्र खालीच राहिला आणि तो पार वाया गेला. पहाटे चार वाजता पाण्यात उभं राहून असा हिशोब सुचत नाही, तो उन्हाळ्यातच करून भिंतीवर लावावा लागतो.

तीन, दोन, एक

बॅकअपचा एक जुना नियम आहे : ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या जागी. सगळी गोम त्या शेवटच्या एकात आहे. दुसरी जागा म्हणजे दुसरा ड्रॉवर नव्हे. जी आपत्ती पहिल्या जागेवर येईल ती जिथे पोचणार नाही, अशी जागा.

ही चूक फक्त मामाच करतो असं समजू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत खाक झाली. काही गिऱ्हाईकांचा डेटा आणि त्याचा बॅकअप दोन्ही तिथेच होते, दोन्ही गेले. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टेराबाइट डेटा जळाला. त्याची बाहेर प्रत नव्हती, कारण काय तर डेटा फार मोठा आहे म्हणून. म्हणजे तिथेही शेवटी ड्रॉवरच!

कागदाचंही तेच. मुंबईत २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा कितीतरी फाइली गेल्या.

आता कोणी म्हणेल, सगळं क्लाऊडवर टाकलं की झालं. अर्धं खरं. क्लाऊडवर आपोआप सिंक होणारी फाइल म्हणजे बॅकअप नाही, तो आरसा आहे. इकडे फाइल बिघडली की तिकडेही बिघडते. रॅन्समवेअर व्हायरसने इकडच्या फाइलींना कुलूप घातलं की कुलूपबंद फाइली तिकडे सिंक होतात. म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारी सोय हवी, आणि एक प्रत कॉम्प्युटरला न जोडलेली हवी.

न जोडलेल्या प्रतीचं महत्त्व मर्स्क या जहाज कंपनीला विचारा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात त्यांचं जगभरचं नेटवर्क झोपलं. आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. कोणाला कुठे लॉगिन करता येईल हे सांभाळणारे त्यांचे सगळे डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवत होते, त्यामुळे सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानामधला एक. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती! त्या एका लोडशेडिंगच्या जोरावर कंपनीने दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर पुन्हा उभे केले. त्यांना नशिबाने मिळालं ते आपण पाचशे रुपयांच्या पेनड्राइव्हने मिळवू शकतो. भरून झाला की काढून घरी न्यायचा, बस्स.

माझी फजिती

हे सगळं शिकून मी मे २०२४ मध्ये मोठ्या ऐटीत मामाकडे गेले. त्याच्या फुकटातल्या क्लाऊड खात्यावर रोज रात्री टॅलीचा बॅकअप जाईल अशी व्यवस्था करून दिली. मामाने चहापानाचा कार्यक्रम केला, शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून "आमची इंजिनियर भाची" म्हणून दाखवलं. मी हवेत.

दिवाळीत पुन्हा गेले तेव्हा सहज म्हणून मामीच्या लॅपटॉपवर बॅकअप उघडून बघितला. शेवटची तारीख ९ जून! पाच महिने काहीही गेलं नव्हतं. कारण? मामाचं खातं भरून गेलं होतं. कशाने? गुड मॉर्निंगचे फोटो, नातेवाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ आणि गणपतीच्या आरत्या. जागा संपल्याचे मेल येत होते, पण मामा मेल बघतो कधी! त्या वर्षी पूर आला असता तर माझ्या भरवशावर मामा पुन्हा बुडाला असता. मला रडूच आलं. मामा मात्र हसून म्हणाला, "काय गं इंजिनियर बाई, आमच्या वहीची मेमरी कधी फुल्ल होत नसे हो!"

त्या दिवशी मला त्या दीड पानातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कळली. परत उघडून पाहिलेला नाही तो बॅकअप धरायचाच नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनियरने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा उडवला. मग बघतात तर बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. योगायोगाने सहा तास आधी कोणीतरी एक कॉपी काढली होती म्हणून वाचले. इतक्या हुशार लोकांचं असं होतं, तर मी आणि मामा कोण?

डेटा म्हणजेच सगळं नाही

आपण कॉम्प्युटरवाले डेटाच्या पलीकडे बघत नाही. पण मामाचा फोनही पुरात गेला होता. सिम गेलं म्हणजे ओटीपी बंद. ओटीपी बंद म्हणजे बँक, जीएसटी, मेल सगळं बंद. पासवर्ड मामाच्या डोक्यात आणि होलसेलरचे नंबर त्या फोनमध्ये.

विम्याचंही तसंच. बँकेने कॅश क्रेडिट देताना सक्ती केली म्हणून विमा होता, पण रक्कम जुनीच. साधारणपणे अशा पॉलिसीत कमी रकमेचा विमा असेल तर भरपाईही त्या प्रमाणात कापतात. समजा माल २० लाखांचा आणि विमा १० लाखांचा असेल, तर ८ लाखांच्या नुकसानीला ८ नाही, ४ लाखांच्या आसपास मिळतात. शिवाय पॉलिसीत पूर धरलाय का, हे वाचून घ्यायचं. सर्व्हेअरला मालाची यादी आणि खरेदीची बिलं लागतात, म्हणजे तीही दुकानाबाहेर हवीत. दर तीन महिन्यांनी मोबाइलवर रॅक-रॅकचा व्हिडिओ काढून ठेवला तरी मोठा पुरावा होतो. साफसफाईच्या आधी नुकसानीचे फोटो काढायचे, हे तर घाईत सगळेच विसरतात.

मामाचा एक पानी प्लॅन

आता मामाच्या दुकानात लॅमिनेट केलेलं एक पान लावलंय. दुसरी प्रत घरी माळ्यावर, तिसरी आमच्याकडे पुण्यात. त्यावर एवढंच आहे :

१. पाण्याचा इशारा आला की कोणी कोणाला फोन करायचा, पूर्ण नंबरांसकट. फोन बंद पडला तर सगळ्यांनी कुठे भेटायचं.

२. जीव आधी. अमुक पायरीला पाणी लागलं की माल सोडून निघायचं. वाद नाही.

३. उचलायचा क्रम : कॉम्प्युटरचा डबा, कागदांची पेटी, ड्राइव्ह आणि पॅनल, मग मोटारी. वायर शेवटी.

४. बॅकअप : दुकानासाठी वेगळं, पैसे भरून घेतलेलं क्लाऊड खातं. दर शनिवारी पेनड्राइव्ह. दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून, एक कायम घरी.

५. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मामी लॅपटॉपवर बॅकअप उघडून शेवटचं बिल बघते आणि वहीत तारीख टाकून सही करते. ही जबाबदारी मामाची नाही, मामीची आहे, त्यामुळे ती पार पडते!

६. टॅलीचं लायसन्स, विमा पॉलिसी, बँक खातं यांचे नंबर आणि पासवर्ड बंद पाकिटात, मामी आणि सीए दोघांकडे.

७. दुकान बंद पडलं तर तिसऱ्या दिवसापासून घराच्या ओट्यावरून विक्री. बिलबुक, पावतीबुक आणि थोडा चालू माल घरी ठेवलेला आहे.

८. लाल रेघेवर विश्वास ठेवायचा नाही. ती मागच्या पुराची आहे.

या सगळ्याचा खर्च वर्षाला मामाच्या एका मोटारीच्या नफ्याएवढाही नाही. कंपन्यांना तर २०२२ पासून कायद्यानेच हिशोबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायला सांगितलंय. मामासारख्या एकट्याच्या दुकानाला ते बंधन नाही, पण बंधन नसलं म्हणून पाणी काही थांबत नाही.

आणि आपण?

आता हॉस्टेलकडे वळू. आपल्या विंगमध्ये कितीजणांचा प्रोजेक्ट रिपोर्ट एकाच लॅपटॉपवर आहे? त्या लॅपटॉपशेजारी चहाचा कप आहे ना? आरपीओ किती, विचारा स्वतःला. फायनल, फायनल-२ आणि खरंच-फायनल अशा तीन फाइली एकाच डेस्कटॉपवर असणं म्हणजे ३-२-१ नव्हे.

आणि गेटबाहेरचे आपले झेरॉक्सवाले काका. सबमिशनच्या आठवड्यात निम्म्या कॉलेजचे जर्नल त्यांच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर असतात. तो नेमका त्याच आठवड्यात बसला तर काकांचा धंदा जाईल आणि आपली टर्म. मेसवाले, चहावाले, गावाकडे आपले बाबा, काका, आत्या यांची दुकानं, छोटे कारखाने, क्लासेस, सगळीकडे तोच एक कॉम्प्युटर आणि तोच ड्रॉवर. स्टाफमधल्या सर-मॅडमना एक विनंती, मिनी प्रोजेक्ट म्हणून प्रत्येक ग्रुपला असा एक धंदा द्या. प्लॅन एक पानाचाच हवा, आणि तो चालवून दाखवला तरच मार्क.

या सुट्टीत घरी गेलात की फराळाला बसायच्या आधी एकच विचारा : "बॅकअप कुठे ठेवलाय?" उत्तर मिळालं की तिथेच थांबू नका. "उघडून दाखवा" म्हणा. मी हे पाच महिने उशिरा विचारलं, आणि त्या पाच महिन्यांत एक अख्खा पावसाळा होता. त्या वर्षी वाशिष्ठीने मला माफ केलं.